मॉडिफाय केलेली गाडी: सीओ, एचसी मर्यादेत, तरी धुराच्या तपासणीत नापास

चौथा गिअर:
मंडळी, जरा मदत हवी आहे. चार सिलिंडर पेट्रोल गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने फोर-टू-वन हेडर (चार सिलिंडरचा धूर एका नळीत आणणारे पाइप), कोन फिल्टर, स्पोर्ट्स कॅट (कॅट म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बदल) असं सगळं करून ठेवलेलं. गाडी पळते झकास. गेल्या आठवड्यात धुराच्या तपासणीला नेली आणि नापास. हाय आयडलचं (गाडी उभी ठेवून इंजिन जरा वाढवून फिरवायचं) प्रिंटआउट समोरच आहे: सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.०४ टक्के, एचसी (न जळलेलं इंधन) ३८ पीपीएम, लॅम्डा (हवा-पेट्रोल मिश्रणाचं माप, नेमकं असेल तर १) १.०७. सीओ आणि एचसी मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत, मग नापास कशी? तपासणाऱ्याने लॅम्डाच्या आकड्यावर पेनाने गोल केला आणि "मिक्श्चर लीन आहे, ट्यूनरकडे जा" एवढंच सांगितलं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. ट्यूनर म्हणतो मॅप ठीक आहे, लॉग दाखवतो. दोघांपैकी बरोबर कोण? आणि मॉडिफाय केलेल्या गाडीला नेमके कुठले नियम लागतात? जो तो वेगळं सांगतो.

पाना नंबर १३:
दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. तपासणीच्या मशीनला इंजिनमधलं मिक्श्चर दिसत नाही. नळीतून आलेल्या वायूमधले सीओ, सीओटू, एचसी आणि ऑक्सिजन मोजून ते सूत्राने लॅम्डा काढतं. बाहेरची हवा वाटेत कुठे एक्झॉस्टमध्ये शिरली तर ऑक्सिजन वाढतो, सीओटू घटतो आणि मशीनला गाडी लीन वाटते. इंजिन मात्र व्यवस्थित १४.७ ला एक याच प्रमाणात जळत असतं. प्रिंटआउटवर ऑक्सिजनचा आकडा असेल तर टाका. माझा संशय हेडरच्या जॉइंटवर आहे. बाजारातले हेडर बहुतेकदा दोन तुकड्यांत येतात, फ्लँज (जोडाची बोल्ट लावायची चपटी कड) पातळ असते, तापून वाकते आणि पॅकिंग जळतं.

काजळी:
१३ नंबरला दुजोरा. शिवाय प्रोब किती आत गेला होता तेही आठवून बघा. तो साधारण ३० सेंटिमीटर आत जायला हवा. फ्री फ्लो सायलेन्सरची शेवटची नळी आखूड किंवा वाकडी असली की प्रोब अर्ध्यावर अडकतो आणि बाहेरची हवा ओढतो. दोन तोंडांचा एक्झॉस्ट असेल तर हा घोळ हमखास होतो. तपासणीला जाताना मी नळीला जोडायचा सरळ तुकडा बरोबर नेतो, कुणी हरकत घेतलेली नाही.

चौथा गिअर:
ऑक्सिजन १.४ टक्के लिहिलाय. प्रोब पूर्ण आत होता, मी शेजारीच उभा होतो.

पाना नंबर १३:
मग गळतीच. कॅट नीट चालत असलेल्या गाडीत गरम इंजिनवर ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. घरच्या घरी शोधता येईल. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरचं हवा फेकणारं तोंड सायलेन्सरच्या नळीत बसवा, भोवती कापड गुंडाळा आणि चालू करा. मग साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जॉइंटवर, वेल्डिंगवर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांवर लावत जा. फुगे येतील तिथे गळती.

खालून टॉर्च मारलात तर फुग्यांच्या आधीच खूण सापडेल. फ्लँजच्या कडेने काजळीची बारीक काळी रेघ उमटलेली असते, पिसासारखी बाहेर फाकलेली.

निळा धूर:
एवढं कशाला करताय? कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर (सेन्सर धुरापासून लांब ठेवणारा तुकडा) लावा, फिल्टर बदला, तपासणीच्या दिवशी टाकीत अॅडिटिव्ह ओता, पास होते गाडी. माझी दोनदा झाली.

नियमावली:
निळा धूर, स्पेसरने लॅम्डाचा आकडा बदलणारच नाही, तेव्हा हा सल्ला इथे उपयोगाचा नाही. पण त्यावर सविस्तर लिहायलाच हवं, कारण धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आपल्यातले बरेच जण अजून समजतात की तपासणी म्हणजे नळीतल्या धुराची परीक्षा, आकडे आले की सुटलो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ते बऱ्याच अंशी खरं होतं. आता नियम दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारतात. धूर मर्यादेत आहे का, हा एक प्रश्न. आणि कंपनीने प्रदूषण रोखायला बसवलेली प्रत्येक वस्तू जागेवर आहे का, चालू आहे का, हा दुसरा. पहिल्यात पास आणि दुसऱ्यात नापास होणं आज सहज घडतं. मॉडिफाय केलेल्या गाड्या अडकतात त्या बहुतेक दुसऱ्यातच.

सगळ्यात कडक उदाहरण कॅलिफोर्नियाचं. तिथे हवेच्या वाटेत किंवा एक्झॉस्टमध्ये कॅटच्या आधी काहीही बदललं, मग तो हेडर असो, कोन फिल्टर असो की टर्बो, तर त्या भागाला कार्ब या राज्य संस्थेचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर लागतो, आणि तो नंबर तुमच्याच मॉडेल आणि वर्षासाठी असावा लागतो. नंबर नसेल तर धूर कितीही स्वच्छ असला तरी तपासणीत नापास. १९ जुलै २०२१ पासून तर ईसीयूमधलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं, सॉफ्टवेअरही तपासतात. स्कॅनर कॅलिब्रेशनची ओळख आणि तिची पडताळणी संख्या वाचतो. ती कंपनीच्या किंवा मंजूर सॉफ्टवेअरशी जुळली नाही की नापास. म्हणजे रिमॅप आता लपत नाही.

अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याने प्रदूषण नियंत्रणाचा भाग काढणं किंवा निकामी करणं सगळ्या राज्यांत बेकायदेशीर आहे, तपासणी होत नसलेल्या राज्यातसुद्धा. मागच्या सेन्सरचा स्पेसर त्यात थेट बसतो. कॅट काम करत नसताना करतोय असं ईसीयूला भासवणं एवढंच त्याचं काम. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मूळ आरोप याच जातीचा होता. तपासणी चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते निघालं. तेव्हापासून नियम करणाऱ्यांचा नुसत्या नळीवरचा विश्वास आणखी कमी झाला, आणि मला तरी त्यांचं बरोबर वाटतं.

डिझेलवाली:
डिझेलवाल्यांचं मी सांगते, कारण आमच्याकडे हा बदल सगळ्यात ठळक दिसला. जुनी चाचणी म्हणजे न्यूट्रलमध्ये पूर्ण रेस द्यायची आणि धूर किती काळा ते प्रकाशाच्या अडथळ्यावरून मोजायचं. नव्या डिझेल इंजिनाचं इंजेक्शन इतकं बारीक असतं की डीपीएफ (धुरातले कण अडवणारा फिल्टर) कापून टाकला तरी धूर डोळ्याला दिसत नाही, आणि त्या मशीनलाही धड दिसत नाही. कितीतरी लोकांनी डीपीएफचा डबा उघडून आतली जाळी काढली, डबा परत वेल्ड केला आणि वर्षानुवर्षं पास होत राहिले.

मग कण मोजणारी यंत्रं आली. बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने १ जुलै २०२३ पासून ती तपासणीत आणली. जर्मनीत युरो ६ डिझेलला एका घन सेंटिमीटरमागे अडीच लाख कणांची मर्यादा आहे, नेदरलँड्समध्ये दहा लाखांची. फिल्टर धड असेल तर आकडा काही हजारांतच राहतो. कापलेला असेल तर लाखांत आणि कोटींत जातो. मधलं फार काही नसतंच. ब्रिटनमध्ये एमओटीला (गाडीची तिथली वार्षिक तपासणी) २०१४ पासून नियम आहे की कंपनीने डीपीएफ दिलेला असेल आणि तो जागेवर नसेल तर नापास. मे २०१८ पासून डबा कापून जोडल्याची खूण दिसली तरी कागद मागतात.

हे कण फुप्फुसातून रक्तापर्यंत पोचतात. डीपीएफ तुंबतो, खर्चिक असतो, शहरात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालवली की रिजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) पुरं होत नाही, हा त्रास मी स्वतः काढलाय आणि त्यावर चिडणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर, इंजिन तापेल अशी चालवा. बहुतेक गाड्यांत तेवढ्याने भागतं. तरी वारंवार तुंबत असेल तर ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर किंवा टर्बोचं ऑइल बघा. फिल्टर बहुतेकदा दुसऱ्याच्या दुखण्याने तुंबतो.

जुनं मशीन:
माझी गाडी कार्बोरेटरची, म्हणून एक शंका. जुन्या गाड्यांना सूट असते ना? त्यात इंजिन बदललं तर?

नियमावली:
काका, सूट असते, पण तिच्या अटी वाचून घ्या. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी नाही. जर्मनीत १ जुलै १९६९ पूर्वी पहिली नोंदणी झालेल्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी नाही. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटीच लागत नाही, मात्र गाडीत मोठा बदल केलेला असेल तर ही सूट जाते. म्हणजे मॉडिफाय करणाऱ्याला सूट गृहीत धरता येत नाही.

इंजिन बदलाचं प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००२ पूर्वीच्या गाडीत तिच्याहून जुनं इंजिन असेल तर त्या इंजिनाच्या काळाचे निकष लावतात. त्यानंतरच्या गाडीला ही सवलत नाही. कॅलिफोर्नियात उलट चालतं. बसवलेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नवं हवं, त्याच प्रकारच्या वाहनाचं हवं, आणि इंजिनाबरोबर त्याचं कॅट, सेन्सर, पेट्रोलचं बाष्प रोखणारी व्यवस्था सगळं यायला हवं. मग रेफ्री म्हणून नेमलेल्या केंद्रात तपासून गाडीवर स्टिकर लावतात. पुढच्या प्रत्येक तपासणीत तो स्टिकर बघितला जातो.

काजळी:
भारताचंही लिहा कुणीतरी, वाचणारे बरेच तिथले असतील.

नियमावली:
भारतात पीयूसी आणि मॉडिफिकेशन हे दोन वेगळे विषय आहेत आणि लोक ते एकत्र करतात. पीयूसी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११५व्या नियमाखाली होते. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलला सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम ही मर्यादा. २५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. या गाड्यांचं प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, त्याआधीच्यांचं सहा महिने.

मॉडिफिकेशनचा प्रश्न मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा. आरसीवरचे तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून बदलतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. सीएनजी किटसारख्या मंजूर बदलाला परवानगी आहे, पण किट मंजूर हवं आणि आरसीवर नोंद हवी. तेव्हा "पीयूसी मिळाली म्हणजे मॉडिफिकेशन कायदेशीर झालं" हा समज सोडून द्या. पीयूसी फक्त त्या दिवशीच्या धुराबद्दल बोलते.

चौथा गिअर:
रविवारी सकाळी व्हॅक्यूम लावला. १३ नंबर, तुमचे पाय धरायला हवेत. हेडर आणि कॅटच्या मधल्या फ्लँजवर फुगे नुसते उकळत होते. काळी रेघही तुम्ही म्हणालात तशीच, बोटभर लांब. बोल्ट उघडले तर पॅकिंगचा एका बाजूचा तुकडाच नव्हता, आणि फ्लँज सरळपट्टी लावून बघितली तर मध्ये वाकलेली.

पण खाली झोपलो होतो तेव्हा दुसरंही दिसलं. मागचा ऑक्सिजन सेन्सर पाइपमध्ये सरळ न बसता एका पितळी तुकड्यावर उभा आहे, दोन इंच बाहेर. हाच तो स्पेसर ना? मला यातलं काही माहीत नव्हतं. आधीच्या मालकाने गाडी विकताना अक्षरही काढलं नाही.

पाना नंबर १३:
तोच. काढून टाका आणि सेन्सर सरळ बसवा. त्यानंतर चेक इंजिन लाइट लागला आणि पी ०४२० कोड आला तर समजा की कॅट खरोखरच कमजोर आहे आणि स्पेसर ते झाकत होता. बाजारातल्या बऱ्याच स्पोर्ट्स कॅटमध्ये एका चौरस इंचात २०० किंवा १०० छिद्रं असतात, कंपनीच्या कॅटमध्ये साधारण ४०० किंवा जास्त. छिद्रं कमी म्हणजे भिंती कमी, आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप तेवढाच कमी.

त्या गळतीबद्दल आणखी एक सांगतो, कारण "सीओ, एचसी तर चांगले होते" असं तुम्ही लिहिलंय. ते चांगले होते ते गळतीमुळेच. जादा ऑक्सिजन मिळाला की कॅट सीओ आणि एचसी उत्तम जाळतं. पण नायट्रोजनच्या ऑक्साइडचा ऑक्सिजन काढून घ्यायचं त्याचं तिसरं काम त्याच वेळी थांबतं, कारण आयता ऑक्सिजन भरपूर असतो. आयडलवरच्या चाचणीत हे ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, मोजतच नाहीत. लॅम्डाची अट तिथे ठेवली आहे ती याचसाठी. लॅम्डा एकच्या आसपास असेल तरच कॅट तिन्ही कामं एकदम करतं. तुम्ही आकडे बघून चांगलं समजत होता तेव्हा गाडी नॉक्स तसाच बाहेर सोडत होती.

चौथा गिअर:
हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. मी तो ०.०४ चा आकडा दोन-तीन मित्रांना कौतुकाने दाखवला होता. स्पेसर आज काढला.

डिझेलवाली:
एक सूचना. काम करताना बॅटरी काढली असेल किंवा कोड पुसले असतील तर लगेच तपासणीला जाऊ नका. ओबीडीवर (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून) तपासणी होते तिथे रेडिनेस मॉनिटर, म्हणजे ईसीयूने स्वतः करायच्या चाचण्या, पुरे झालेले नसतील तर गाडी परत पाठवतात. कॅलिफोर्नियात २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाडीला फक्त बाष्पाचा मॉनिटर अपुरा चालतो, बाकी सगळे पुरे लागतात. शिवाय कायमस्वरूपी कोड म्हणून एक प्रकार असतो, तो स्कॅनरने पुसला जात नाही. दोष गेल्याची खात्री ईसीयूला स्वतः पटावी लागते.

चौथा गिअर:
ताई, बॅटरी काढली होतीच. मग मॉनिटर पुरे कसे करायचे?

डिझेलवाली:
रात्रभर थंड झालेली गाडी, टाकी अर्धी-पाऊण. सुरू करून दोन-तीन मिनिटं आयडल. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ८०-९० च्या स्थिर वेगाने दहा-पंधरा मिनिटं. मग अॅक्सिलरेटर सोडून, ब्रेक न मारता वेग आपोआप कमी होऊ द्या, हे तीन-चार वेळा. थांबून परत आयडल. दोन-तीन दिवस असं केलं की बहुतेक मॉनिटर होतात, कॅट आणि बाष्पाचा शेवटी. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोन असला की कुठला राहिलाय ते दिसतं. कंपनीचा ड्राइव्ह सायकल मॅन्युअलमध्ये असेल तर तोच पाळा.

निळा धूर:
मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. माझ्या गाडीलाही स्पेसर आहे आणि नॉक्सचं मला माहीत नव्हतं. कॅट बदलायचं झालं तर कुठलं घ्यावं?

पाना नंबर १३:
तुमच्या मॉडेलसाठी मंजुरीचा नंबर असलेलं, आणि तो नंबर डब्यावर कोरलेला. युरोपात ई-मार्क, कॅलिफोर्नियात एक्झिक्युटिव्ह ऑर्डर. जर्मनीत हेडर, फिल्टर असे इतर भागही एबीई किंवा टाइलेगुटाख्टन या मंजुरीच्या कागदासकट विकतात. तो कागद गाडीत ठेवायचा किंवा नोंद करून घ्यायची. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेलं कॅट घेऊ नका. आणि नवं कॅट बसवण्याआधी जुनं का मेलं ते शोधा. गाडी मिसिंग मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. ऑइल खात असेल तर लेपावर राख बसते. कारण तसंच राहिलं तर नवंही वर्षभरात जाईल.

काजळी:
कोन फिल्टरचंही बघा. ऑइल लावायचा प्रकार असेल आणि धुतल्यावर ऑइल जास्त लागलं तर ते मास एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि हवेचं माप चुकतं. तपासणीआधी त्या सेन्सरसाठीच मिळणाऱ्या क्लीनरने तार धुवा, कार्ब्युरेटर क्लीनरने नको. आणि गाडी तापवून न्या. कॅट साधारण २५० ते ३०० अंशांना काम सुरू करतं. रांगेत अर्धा तास इंजिन बंद करून उभे राहिलात तर चाचणीच्या वेळी ते थंडच असतं.

चौथा गिअर:
बारा दिवसांनी लिहितोय. फ्लँज घासून सपाट केली, नवं पॅकिंग टाकलं, साबणाने परत तपासलं, एकही फुगा नाही. स्पेसर काढल्यावर चौथ्या दिवशी पी ०४२० आला, म्हणजे कॅट खरंच गेलेलं होतं. उघडून टॉर्च मारली तर जाळीचा पाव भाग वितळून काचेसारखा झालेला. ट्यूनरला परत लॉग दाखवला तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर सापडलं. कॉइल बदलली.

मंजुरीचं कॅट बसवलं. मॉनिटर पुरे व्हायला पाच दिवस गेले, बाष्पाचा शेवटपर्यंत अडून होता, कारण मी टाकी सारखी फुल्ल ठेवत होतो.

काल तपासणी झाली. सीओ ०.०६, एचसी २९, ऑक्सिजन ०.२, लॅम्डा १.००४. सीओ आधीपेक्षा जास्त आहे आणि या वेळी मला त्याचा अर्थ कळला. हेडरला मंजुरीचा नंबर नाही हे तपासणीला जाण्याआधीच लक्षात आलं होतं, म्हणून कंपनीचा जुना मॅनिफोल्ड भंगारातून मिळवून तोच बसवून नेला. हेडर घरात कोपऱ्यात ठेवलाय. या मॉडेलसाठी मंजुरी असलेला कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा.

पाना नंबर १३:
तिसऱ्या सिलिंडरचा प्लग एकदा काढून बघा. कॉइल गेलेली असताना तो भिजत राहिलेला असतो, टोकावर काजळी धरली असेल तर तोही बदलून टाका.